झोपलेल्यांना उठवू नये

९ डिसेंबर

म्हातारा गेला. काल दुपारी, ब्रनोच्या बसस्टँडवर, गावाकडच्या गाडीची वाट बघत बाकावर बसल्या बसल्या. ऑफिसातल्या हिनेकचा फोन आला तेव्हा मी म्हाताऱ्यालाच एक झणझणीत उत्तर लिहीत होते. माझा पॅच, म्हणजे कोडमधली माझी सुधारणा, त्याने पुन्हा परत पाठवला होता, तोही मेलिंग लिस्टवर, सगळ्या जगासमोर. "नाही. झोपलेल्यालाही सांगायलाच हवं. व्रातिस्लाव हेयदुक." एवढंच. ना कारण, ना खुलासा. कर्नलचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या गाभ्यातल्या प्रोग्रामचं, काम मला ह्याच माणसाने हाताला धरून शिकवलं आणि जगात सगळ्यात जास्त राग मला ह्याच माणसाचा येतो. यायचा.

उत्तर अर्धवट तसंच पडलंय. पुसवत नाही. कुणाशी भांडू आता? जरा वेळ रडले, मग रडण्याचाही राग आला.

त्याच्या बायकोला, ब्लाझेनामावशीला, कुणी सांगितलं म्हणून हिनेकला विचारलं. तो म्हणाला, निरोप शेजारणीकडे गेला, मावशी औषध घेऊन झोपली होती, शेजारीण म्हणाली झोपू दे, उठली की कळेलच. कळलं असेल. अशा गोष्टी काय लपून राहतात?

१३ डिसेंबर

म्हाताऱ्याच्या गावी, ल्होत्काला जाऊन आले. माती देताना थंडीने डोळ्यांतलं पाणी गालावरच गोठत होतं. टीममधून मी आणि हिनेक दोघंच. बाकीचे जगभर पांगलेले, त्यांनी लिस्टवर हळहळ व्यक्त केली.

नंतर घरी कोलाचे, इकडचे गोड पाव, आणि आलुबुखाराची दारू. स्वयंपाकघर बायकांनी भरलेलं. मावशी मात्र सगळ्यांच्या मधे खुर्चीवर शांत बसलेली, पाहुण्यांना वाढा म्हणून सांगत होती. धीराची बाई. मला जवळ बोलावून म्हणाली, "मिलादा, तुमचं दोघांचं भांडण कशावरून चाललंय गं? व्रातिस्लाव म्हणतो, पोरगी हुशार आहे पण ऐकत नाही."

मला हसू आलं. म्हटलं, सांगते. "मावशी, असं समजा, एक मोठं गोदाम आहे आणि शंभरएक हमाल. कुणाचं सामान कुठल्या फळीवर, ते मुकादमाच्या वहीत लिहिलेलं. पण दर वेळी वहीपाशी कोण धावणार? म्हणून प्रत्येक हमाल आपापल्या खिशात चिठ्ठी ठेवतो. अमकं सामान तमक्या फळीवर. ह्या खिशातल्या चिठ्ठ्यांना आम्ही कॅश म्हणतो. गोदाम म्हणजे कॉम्प्युटरची मेमरी, हमाल म्हणजे त्याचे कोअर, आणि मुकादम म्हणजे आमचा कर्नल."

"बरं. मग?"

"मुकादमाने एखादी फळी एकाकडून काढून दुसऱ्याला द्यायची ठरवली, की आधी सगळ्या हमालांना सांगावं लागतं, जुनी चिठ्ठी फाडा. सगळे 'फाडली' म्हणेपर्यंत मुकादम हातावर हात ठेवून उभा. जे झोपलेत त्यांनाही हलवून उठवायचं, चिठ्ठी फाडायला लावायची, परत झोपवायचं. किती वेळ फुकट जातो. मी म्हणते, झोपलेल्यांना उठवू नका. उठले की ते आपणहून वही बघतील आणि फाडतील."

"आणि नाही बघितली तर?"

"बघतातच. तसा नियमच आहे."

"नाही बघितली, तर हा झोपेतून उठून आपलं सामान पुन्हा त्याच फळीवर नेऊन ठेवणार," मावशी म्हणाली, "आणि ती तर दुसऱ्याची झालेली."

घ्या. म्हाताऱ्याने घरातही शिकवणी घेतलेली दिसते. मी विषय बदलला.

मग माश्यांचं निघालं. इकडे डोंगरात घरधनी गेला की मधमाश्यांना सांगावं लागतं. घराच्या किल्लीने प्रत्येक पेटीवर तीनदा ठोकायचं आणि म्हणायचं, तुमचा धनी गेला, आजपासून तुमची धनीण अमकी. नाही सांगितलं तर माश्या घर सोडून जातात, नाहीतर नव्या माणसाला जगू देत नाहीत. सांगायचं ते ज्याला धन्याने काम शिकवलं त्याने. लेकरंबाळं नाहीत, त्यामुळे सगळ्या म्हाताऱ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, मला शिकवलं ते कॉम्प्युटरचं, माश्यांचं नाही. शेजारीण म्हणाली, "शिकवलं ना? झालं तर मग." आणि किल्ली हातात ठेवली.

मी मावशीला विचारलं, "पुढे बघणार कोण ह्यांच्याकडे? विकून टाका." कारण मावशीला एकदा एकच माशी डसली होती तर घसा सुजून श्वास बंद झाला, हेलिकॉप्टरने न्यावं लागलं. तेव्हापासून ती पेट्यांच्या वाटेला गेलेली नाही. ती म्हणाली, "मीच बघणार. तू त्यांना माझं नाव सांग, मग नाही डसायच्या."

तर गेले बर्फ तुडवत. नऊ पेट्या. सहा सफरचंदाच्या झाडांखाली ओळीने, त्यांना किल्लीने ठोकून सांगितलं. वेड्यासारखं वाटत होतं. पण आतून एक बारीक घूं ऐकू यायचं, आणि सांगितलं की थांबायचं. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. उरलेल्या तीन शेडच्या मागे. तिथे मांडीएवढा बर्फ, आणि माझ्या पायांत मयताला घालायचे गुळगुळीत बूट. थंडीत माश्या तशाही झोपलेल्याच असतात. म्हटलं, वसंतात उठल्या की कळेल त्यांना. परत फिरले.

"सगळ्यांना सांगितलंस?" मावशीने विचारलं. मी हो म्हटलं. परतताना गाडीत हिनेकला सांगितलं तर तो म्हणाला, "वा, आपला पॅच माश्यांनाही लावलास." दोघंही खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी हसले.

२० डिसेंबर

म्हाताऱ्याचा विभाग माझ्याकडे आला. पॅच मी स्वतःच आत घेतला. आडकाठी करणारं कुणी उरलं नव्हतं. मोठ्या मशीनवर चाचणी केली तर वेग बघून हिनेकने शीळ घातली. हा कर्नल मार्चमध्ये बाहेर पडेल आणि मग वर्षानुवर्षं लोक तोच वापरतील.

आनंद झाला पाहिजे होता. झाला, पण तिखट न घातलेल्या भाजीसारखा.

२७ डिसेंबर

नाताळच्या शुभेच्छा द्यायला मावशीला फोन केला. आवाज छान होता. कार्प तळला होता, बटाट्याचं सॅलड केलं होतं. म्हणाली, "दोन ताटं संपली."

नाताळच्या रात्री अवचित येणाऱ्यासाठी एक ताट जास्तीचं मांडतोच आपण. आलं असेल शेजारपाजारचं कुणी. मी विचारलं नाही.

१६ जानेवारी

आज एक चमत्कारिक प्रकार झाला. चाचण्यांचं मोठं मशीन आम्ही सगळ्या टीम मिळून वापरतो. नव्या वर्षात त्यावर माझ्या पॅचचा कर्नल चढवला. शेजारच्या टीमची साबिना सकाळी कागद घेऊन आली. तिच्या अहवालात, आकड्यांच्या मधोमध, एक ओळ उमटलेली: मी अजून इथेच आहे.

"कुणाची ही गंमत?" ती म्हणाली. सगळ्यांनी हिनेककडे पाहिलं, कारण गेल्या वर्षी कॉफीच्या मशीनला शिव्या द्यायला शिकवणारा तोच. हिनेक शपथेवर नाही म्हणाला. माझा विश्वास बसला नाही.

२४ जानेवारी

हिनेक नव्हे. तो आठवडाभर सुट्टीवर, डोंगरात, आणि ओळ रोज येतेय. कधी कुणाच्या नकाशात, कधी पगाराच्या तक्त्यात. एका मुलीच्या लग्नपत्रिकेच्या मजकुरात आली, ती ऑफिसातून चोरून करत होती. ती तर रडायलाच लागली. मशीनच्या खोलीत कुणीतरी मेणबत्ती लावून ठेवली होती, आग लागायची म्हणून मी विझवली.

साबिना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "हे कुणाचं वाक्य आहे, तुला माहितेय ना?"

माहितेय. ल्होत्काची फोनची रेंज म्हणजे आनंदच. बोलता बोलता आवाज जायचा, आम्ही इकडे हॅलो हॅलो करत बसायचो, आणि मग शांतपणे म्हाताऱ्याचा आवाज यायचा, "मी अजून इथेच आहे." दर वेळी तेच शब्द. ऑफिसात सगळे त्याची नक्कल करायचे.

मी साबिनाला म्हटलं, मूर्खपणा करू नकोस, मशीनमध्ये भूत नसतं, चूक असते. ती म्हणाली, "मग कुणाची चूक?" मी बघते म्हटलं.

५ फेब्रुवारी

मावशीकडे जाऊन आले. खरं तर ऑफिसपासून पळायला.

घर ऊबदार, चकचकीत. शेगडीपाशी म्हाताऱ्याचे मोठे बूट वाळत ठेवलेले. वाळत, म्हणजे ओले होते. मावशी घालत असेल, बर्फात तिचे चालत नसतील. मी बघितलेलं तिने बघितलं.

चहा झाल्यावर ती मला पेट्या दाखवायला घेऊन गेली. डोक्यावर जाळी नाही, हातात मोजे नाहीत. मी ओरडलेच, "मावशी, डसल्या म्हणजे?" ती म्हणाली, "तू सांगितलंयस ना त्यांना माझं नाव." झाडांखालच्या सहा पेट्यांवरचा बर्फ तिने हाताने झाडला, कान लावून ऐकलं. लेकरांच्या खोलीत डोकावल्यासारखं. मग परत फिरली.

मी विचारलं, "आणि शेडमागच्या तीन?"

"त्या तो बघतो," मावशी म्हणाली. "सहा माझ्याकडे, तीन त्याच्याकडे. तसं ठरलंय."

त्या तिघींना सांगितलं नाही हे मला आणि हिनेकला सोडून कुणाला माहीत नाही. घरातून शेडची मागची बाजू दिसत नाही, तिथल्या खिडकीपाशी मी मुद्दाम उभी राहून पाहिलं. शेजारणीकडूनही नाही.

"मावशी, चला ना, त्याही बघू," मी म्हटलं.

"आत्ता नको, तो तिथे असतो ह्या वेळी."

मी एकटीच शेडच्या कोपऱ्यापर्यंत गेले. बर्फात एक पायवाट पडलेली, मोठ्या बुटांची, पेट्यांपर्यंत जाणारी. आणि तिन्ही पेट्यांच्या तोंडाशी माश्या बाहेर आलेल्या. इतक्या कडाक्याच्या थंडीत माशी बाहेर पडली तर मरते, हे म्हाताऱ्यानेच मला एकदा सांगितलं होतं. ह्या मरत नव्हत्या. फळीवर ओळीने बसून होत्या, तोंडं वाटेकडे करून, कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या. मला बघून एकही हलली नाही. मी पुढे गेले नाही. सरळ सांगते, घाबरले.

निघताना मावशीने मधाची बाटली दिली. "ही त्याने काढलीय, शेडमागची," म्हणाली. गाडीत मागच्या सीटवर ठेवली. घरात आणवली नाही.

७ फेब्रुवारी

डॉक्टरला विचारलं पाहिजे मावशीबद्दल. दुःखात माणसं असं बोलतात, महिने जातात, मग ठीक होतात. पण बिना जाळीची तिथे जाते, ते काही मला पसंत नाही. खरं सांगून टाकावं का, की तीन पेट्या राहिल्या? सांगितलं तर घाबरून जाईल. नाही सांगितलं तर त्या तिघींपाशी ती जात नाहीच म्हणते. मग राहू दे. कशाला उगाच उकरून काढायचं?

ऑफिसात आज ओळ दोनदा आली.

२० फेब्रुवारी

भूत सापडलं. हिनेकने शोधलं. मला हे लिहायची लाज वाटतेय, पण आज लिहिलं नाही तर उद्या मी स्वतःलाच गोड करून सांगेन.

तो माझ्या टेबलाशी आला, खुर्ची ओढून बसला, हसत नव्हता. म्हणाला, "मशीनवरचं म्हाताऱ्याचं खातं अजून चालू आहे. बंद करायला कुणी सांगितलं नाही?"

"मला वाटलं तू सांगितलंस."

"मला वाटलं तू." मग म्हणाला, "बरं झालं. त्या खात्यातून एक छोटासा प्रोग्राम चाललाय. उन्हाळ्यापासून. तुझा पॅच पहिल्यांदा आला तेव्हा त्याने लिहिलेला दिसतो."

"काय करतो तो प्रोग्राम?"

"तुझी परीक्षा घेतो. मेमरीतलं एक पान मागून घेतो आणि कर्नलला परत करतो. ते पान मग दुसऱ्याच कुणाला दिलं जातं. मग हा आपल्या एका कोअरला हळूच जागं करतो आणि त्याच जुन्या पानावर एक वाक्य लिहायला लावतो. चिठ्ठी फाडलेली असेल तर कर्नल त्याला जागीच धरणार, आणि कुणाला काही कळणार नाही. फाडलेली नसेल तर ते वाक्य नव्या मालकाच्या घरात उमटणार. इतके महिने गप्प होता. तुझा कर्नल चढला आणि बोलायला लागला."

मी म्हटलं, शक्य नाही, उठल्यावर कोअर वही बघतोच. हिनेकने माझाच कोड माझ्यासमोर उघडला. "गाढ झोपेतून उठणारा बघतो. पण मधे एक डुलकीची अवस्था असते, जराशी मान टाकल्यासारखी. तुझ्या पॅचने त्यालाही झोपलेल्यांत धरलं आणि सांगितलं नाही. आणि डुलकीतून उठणारा वही बघत नाही, कारण आपण झोपलो होतो हेच त्याला माहीत नसतं. तो जुनी चिठ्ठी घेऊन कामाला लागतो."

मी वाद घातला. इतके दुर्मिळ योग कुठे जुळतात, म्हटलं. तो म्हणाला, "लग्नपत्रिकेत जुळला ना. उद्या कुणाच्या तपासणीच्या अहवालात जुळेल. एका रोग्याचं रक्त दुसऱ्याच्या नावावर. मार्चमध्ये बाहेर पडतंय हे, मिलादा."

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. म्हाताऱ्याने कारण दिलं नाही म्हणून मी चिडले होते. त्याने कारण चालू करून ठेवलं होतं, मला बघायला सवड नव्हती. असा कसा होता हा माणूस? एक फोन करून सांगता येत नव्हतं? आणि सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं.

२१ फेब्रुवारी, सकाळ

पॅच मागे घेतला. लिस्टवर लिहिलं, "ही माझी चूक. हेयदुक यांचं म्हणणं बरोबर होतं. झोपलेल्यालाही सांगायलाच हवं. मिलादा कुबाश्तोवा." पाठवल्यावर बरं वाटलं. हिनेकने कॉफी आणून ठेवली.

आणि कप हातात घेतला तेव्हा ते डोक्यात आलं. आश्चर्य म्हणजे इतके दिवस आलंच नव्हतं. काल दिवसभर झोपलेले, डुलकीतले, न सांगितलेले, हेच शब्द आम्ही दोघं बोलत होतो, आणि मला शेडमागच्या तीन पेट्या एकदाही आठवल्या नाहीत. आज बाहेर ऊन आहे. पहिलं ऊन. आज माश्या उठणार.

मावशीला फोन लावला. ती आनंदात होती. "बरं झालं फोन केलास. आज तिन्ही पेट्या मी उघडतेय. साखरेचा गोळा ठेवायचाय आत. व्रातिस्लाव म्हणाला, ह्यापुढे सगळ्या तूच बघ."

"मावशी, थांबा. मी येईपर्यंत हात लावू नका. जाळी घाला. मावशी?"

आवाज गेला. मी हॅलो हॅलो करत राहिले. पलीकडून कुणीच काही बोललं नाही. निघते.

२२ फेब्रुवारी

काल ल्होत्कालाच राहिले. आत्ता मावशी खाली स्वयंपाकघरात आहे, शेजारीण तिच्याजवळ बसली आहे. जसं झालं तसं लिहून काढते.

मी पोचले तेव्हा घर उघडं, शेगडीपाशी बूट नाहीत. शेडच्या मागे धावले. मावशी मधल्या पेटीचं झाकण काढून उभी होती. अंगात म्हाताऱ्याचा कोट, डोक्यावर त्याची टोपी, पायांत त्याचे बूट. जाळी नाही. माश्या तिच्या बाह्यांवर, गळ्यावर, हनुवटीवर बसलेल्या. एक तिच्या खालच्या ओठावर चालत होती. डसत नव्हत्या. ओळखीच्या माणसाच्या अंगावर बसाव्यात तशा निवांत होत्या.

"हळू बोल," मावशी ओठ न हलवता म्हणाली. "त्यांना घाई आवडत नाही. त्यालाही."

मला तेव्हा नीट दिसलं की मी कुठे अडकलेय. त्यांना सांगितलं नाही, तर त्या हिला धनीच समजत राहणार, ही रोज इथे येणार, आणि ज्या दिवशी कोट विसरेल त्या दिवशी मरणार. आणि आत्ता सांगितलं, तर हिच्या गळ्यावर बसल्या बसल्या त्यांना कळणार की हा तो नव्हे. एक डसली तरी पुरे होती. हेलिकॉप्टर यायला किती वेळ लागतो, मला माहीत नव्हतं.

मी झाकण तिच्या हातातून घेऊन पेटीवर ठेवलं. कोटाची बटणं एकेक करून काढली. माझ्याही हातांवर माश्या चढल्या. आयुष्यात इतकी सावकाश मी कधीच वागले नव्हते. मावशी लहान मुलीसारखी उभी होती, हात सोडून दिले होते. कोट काढला, माश्यांसकट सफरचंदाच्या फांदीवर टांगला. टोपी काढून त्यावर ठेवली. गळ्यावरच्या पाच-सहा उरल्या होत्या. त्यांच्यावर मी हळूच फुंकर घातली, आणि त्याही कोटाकडे गेल्या.

मावशीला शेडच्या भिंतीपाशी बाकावर बसवलं. तिने न मागता किल्ली काढून माझ्या हातात दिली. ती तिच्या मुठीतच होती, गरम झालेली.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. "मी ह्या तिघींना सांगितलं नाही ते?"

"तूच म्हणालीस ना, झोपलेल्यांना उठवू नये."

मी पहिल्या पेटीवर तीनदा ठोकलं. म्हटलं, "तुमचा धनी व्रातिस्लाव गेला. आजपासून तुमची धनीण ब्लाझेना." आत घूं चढत गेलं, चढत गेलं, झाडाच्या फांद्यांना जाणवावं इतकं, आणि मग एकदम थांबलं. दुसरी. तिसरीला माझाच आवाज फुटला, कारण तोवर मला कळलं होतं की मी हे पहिल्यांदाच बोलतेय. डिसेंबरात सहा वेळा नुसती घोकंपट्टी केली होती. म्हातारा गेलाय, आणि मला तो खूप आवडायचा, आणि मी त्याला हे कधी सांगितलं नाही.

तिसरी गप्प झाली तेव्हा फांदीवरच्या कोटातून सगळ्या माश्या एकदम उठल्या. मी मावशीच्या पुढे जाऊन उभी राहिले. त्या आमच्या डोक्यांवरून गेल्या, आपापल्या पेटीत शिरल्या. कोट रिकामा लटकत राहिला.

कितीतरी वेळ मावशी त्या कोटाकडे बघत होती.

"सगळे आले," ती म्हणाली. "मी झोपेतून उठले तर घर माणसांनी भरलेलं. कुणी पाणी देतंय, कुणी काळे कपडे आणतंय, कुणी हात दाबतंय. तूही आलीस. सगळे म्हणाले धीर धर. कशासाठी, ते कुणीच सांगितलं नाही."

"मावशी, आम्हाला वाटलं शेजारणीने..."

"तिला वाटलं डॉक्टरने." ती बाकावर थोडी सरकली, मला जागा केली. "आता मला सांग."

मी तिच्या शेजारी बसले. तिचा हात हातात घेतला, तो लाकडासारखा गार होता. तिच्याकडे बघत सांगितलं, "मावशी, व्रातिस्लाव वारले."

तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मग तिने विचारलं, "केव्हा?"

मी बसस्टँडच्या बाकापासून सगळं सांगायला सुरुवात केली.